आधी सुटका, मग आज्ञा: ख्रिस्ती आज्ञापालन म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्ती माणसाच्या आज्ञापालनाबद्दल पुण्यात दोन ठाम मतं ऐकू येतात. पहिलं ऑफिसातल्या मित्रांचं: "तुमचं बरं असतं रे. आठवडाभर काय हवं ते करा, रविवारी चर्चमध्ये जाऊन माफी मागा, खातं साफ." दुसरं आपल्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एखाद्या मावशींचं, आणि ते जास्त टोचतं: "उपासनेला येणं सोडलंस ना, म्हणूनच नोकरी गेली."

पहिल्या मतात आज्ञांना काही किंमतच उरत नाही. दुसऱ्यात आज्ञा म्हणजे देवाशी केलेला सौदा होतो. तू पाळलंस तर देतो, मोडलंस तर काढून घेतो. दोन्ही मतांना आधार बायबलचाच दिला जातो आणि दोन्ही एकाच ठिकाणी घसरतात: कृपा आणि आज्ञा यांचा क्रम. आधी काय येतं आणि मागून काय येतं, एवढं लक्षात आलं की या विषयातला निम्मा गुंता सुटतो. उरलेला निम्मा मात्र रोजच्या जगण्यात सोडवावा लागतो, आणि तो भाग सोपा नाही हे आधीच सांगून ठेवतो.

दहा आज्ञा तशा बऱ्याच जणांना पाठ असतात. कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळांत शिकलेले कित्येक हिंदू, मुस्लिम, पारशीही त्या घडाघडा म्हणून दाखवतील. पण पाठ म्हणताना सुरुवातीचं एक वाक्य हमखास गळतं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा देण्याआधी देव सांगतो की, मी परमेश्वर तुझा देव आहे, मीच तुला मिसर देशातून, गुलामीच्या घरातून बाहेर काढलं. त्यानंतर ‘माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत’ आणि पुढचं सगळं. म्हणजे सुटका आधी झाली होती. तांबडा समुद्र ओलांडून झाला होता, रानात मान्ना खाऊन झाला होता, देवाविरुद्ध कुरकुरही करून झाली होती. मग सीनाय डोंगरापाशी आज्ञा आल्या. मिसरात विटा पाडणाऱ्या त्या लोकांना देवाने मोशेकरवी असा निरोप पाठवला नाही की या दहा गोष्टी वर्षभर पाळून दाखवा, मग तुमच्या सुटकेचं बघू.

नव्या करारात हाच क्रम टिकतो. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला पत्र लिहिताना दत्तकपणाचा दाखला देतो आणि तो आपल्याला चटकन कळण्यासारखा आहे. दत्तक आलेल्या मुलाला घराच्या रीती शिकवतात. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी यायचं, ताटात टाकायचं नाही, आजीला उलट बोलायचं नाही. रीत मोडली तर ओरडा बसतो, कधी दोन दिवस अबोलाही होतो. पण म्हणून कुणी दत्तकपत्र फाडत नाही. आणि मुलगा वेळेवर घरी येतो म्हणून त्याला रोज नव्याने दत्तकही घेत नाहीत.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: दत्तकपत्र फाटणारच नसेल तर रीती पाळायच्या कशाला? हा प्रश्न पौलाच्या काळातही होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? पौल म्हणतो, मुळीच नाही. नव्या करारातलं याकोबाचं पत्र तर आणखी सडेतोड. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असं याकोब सरळ लिहितो. धर्मसुधारक मार्टिन लूथरला हे पत्र फारसं रुचलं नव्हतं. 1522 साली त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. मला मात्र वाटतं की आपल्याकडे याकोब आणखी थोडा मोठ्याने वाचायला हवा. 1937 मध्ये हिटलरच्या जर्मनीत डीट्रिख बोनहॉफर या पाळकाने ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय मिळणारी क्षमा, येशूच्या मागे न जाता मिळणारं तारण, असा त्याचा अर्थ. त्याला स्वतःला मागे जाण्याची किंमत मोजावी लागली. 9 एप्रिल 1945 रोजी नाझींनी त्याला फासावर दिलं.

क्रम आणि कृती दोन्ही एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय उघडा. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. बुटका, श्रीमंत आणि गावाने ओवाळून टाकलेला. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू वर बघून म्हणतो, जक्कया, लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. इथे थांबून बघा. अजून जक्कयने काहीही कबूल केलेलं नाही. पैसे परत केलेले नाहीत. येशू आधी त्याच्या घरी जायचं ठरवतो. त्यानंतर जक्कय उठून उभा राहतो आणि सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. आमंत्रण फुकट होतं. त्याचा परिणाम मात्र जक्कयच्या तिजोरीपर्यंत गेला. ऑफिसातल्या मित्राला जे उत्तर द्यायचं ते इथे आहे. देवाकडून क्षमा मिळाली म्हणजे शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे माफ झाले असं होत नाही. ते परत करावेच लागतात.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयच्या पाचव्या अध्यायात, एक आज्ञा आहे जी आपण फार वेळा वाचतो आणि फार कमी वेळा करतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. लक्षात घ्या, तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असं म्हणतो. म्हणजे ज्याने दुखावलं त्यानेच पायऱ्या उतरून जायचं आहे.

आता ही आज्ञा पुण्यात आणून बघू. समजा नाना पेठेत दोन भावांचं वडिलोपार्जित घर आहे आणि ते रीडेव्हलपमेंटला गेलंय. कागदपत्रांचं सगळं थोरला बघतो. धाकटा नोकरीमुळे पिंपरीला, त्याने कुलमुखत्यारपत्र सही करून दिलेलं. बिल्डरने दोघांना मिळून किती कार्पेट एरिया आणि किती रोख द्यायचं कबूल केलंय, ते थोरल्याला माहीत आहे. धाकट्याला आकडा सांगितलाय तो थोडा कमी. फार नाही. थोरल्याचं म्हणणं असं की खेपा मी घातल्या, आईचं आजारपण मी काढलं, तेवढा हक्क माझा. कदाचित खराही असेल. पण धाकट्याला कुठून तरी कळलंय आणि तो बोलत नाहीये. नाताळला दोघं एकाच देवालयात, एकाच बाकावर नाही. वहिनी एकमेकींना करंज्या पाठवतात, पण मुलांच्या हाती.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा. थोरला भाऊ दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला देतो, गायनात असतो, उपास काळात मांसाहार सोडतो. हे सगळं चांगलंच आहे. पण मत्तयच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे त्या दिवशी देवाला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: बिल्डरचं ते पत्र फोटो काढून नव्हे, हातात घेऊन पिंपरीला जाणं, आणि धाकट्यासमोर ठेवून म्हणणं की हा खरा आकडा आहे. आईच्या आजारपणाचा खर्च हवा असेल तर तो त्या टेबलावर उघडपणे मागता येतो. भावाने हो म्हटलं तर घ्यावा, नाही म्हटलं तर सोडावा. एवढं झालं की मग येऊन गायनात उभं राहावं. शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाला सुनावलं होतं की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. त्याचा अर्थ काही वेळा इतका साधा आणि इतका महाग असतो.

आपल्याला न दिसणारी जागा

आज्ञाभंग म्हटलं की आपल्या डोक्यात दारू, तंबाखू, फार तर सिनेमा येतो. याकोब मात्र मजुरांची रोखून धरलेली मजुरी ओरडते आहे असं लिहितो. घरकाम करणाऱ्या बाई चार दिवस गावाला गेल्या म्हणून त्यांचा पगार कापताना आपल्याला क्वचितच याकोब आठवतो.

दुसरी जागा जातीची. पंचहौद हे नाव पुणेकरांना गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयापेक्षा 1890 सालच्या चहामुळे जास्त माहीत आहे. तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मोठ्या मोठ्या मंडळींनी चहा घेतला, धर्म बाटला म्हणून गावात वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट मोठ्या चवीने सांगतो. पण गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशीच एक पंगत आहे आणि तिथे उठून गेलेला माणूस दुसरा तिसरा कुणी नसून येशूचा शिष्य पेत्र आहे. अंत्युखियात तो आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमहून काही माणसं आल्यावर लोक काय म्हणतील म्हणून बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. पंगत सोडणं पौलाला शिष्टाचाराची चूक वाटली नाही, सुवार्तेच्या विरुद्ध वागणं वाटलं. आणि आपण स्थळ बघताना विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही? म्हणजे, त्याआधीचे?" विचारणाऱ्याला आणि विचारलं जाणाऱ्याला दोघांनाही नेमकं कळतं काय विचारलंय ते. चहावरून हसण्याआधी एवढं बघितलेलं बरं.

रमाबाई आणि आज्ञा कुणाची

आज्ञापालनातला सगळ्यात अवघड प्रश्न हा की देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाची आज्ञा यांत फरक कसा करायचा. यावर पुण्याच्या माणसाला लांब जायला नको, पंडिता रमाबाई आहेत.

रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टर्सकडे त्या राहिल्या, त्यांच्याच संस्थेच्या सिस्टर्स पुण्यात पंचहौदला काम करत. बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी आता चर्च सांगेल ते निमूटपणे मानावं अशी त्या सिस्टर्सची अपेक्षा होती. रमाबाईंना ते पटेना. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज वाचायला मिळतो, आणि तो मोठा झोंबरा आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून आलेली मी लगेच दुसरं तसलंच जोखड मानेवर घ्यायला तयार नाही, असं रमाबाईंनी 1885 मध्ये कळवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, आमची संस्कृत काय कमी आहे, इथपर्यंत वाद गेला. सिस्टर्सना हा अहंकार वाटला. मला वाटतं, आज्ञापालन गंभीरपणे घेणारी बाईच एवढं भांडू शकते. जिला देवाच्या शब्दाचं काही पडलेलं नसतं, ती हो म्हणून मोकळी होते.

याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत जे लिहिलं ते मात्र या विषयाच्या गाभ्याला हात घालतं. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हे कुणी लिहावं? 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढून पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणणाऱ्या, विधवांसाठी रात्रंदिवस राबणाऱ्या बाईने. कामात कुठे कसर नव्हती. तरीही आपल्याला अजून देवाची कृपा मिळवायचीच आहे असं त्यांना वाटत होतं. ती आधीच मिळालेली आहे हे कळल्यावर काम थांबलं नाही, उलट फुगलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून दौंड तालुक्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रमाबाईंचं त्यात कितपत चुकलं यावर आजही दोन मतं आहेत. ती असू द्यावीत. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून. ते 1924 मध्ये छापून पूर्ण झालं, त्या 1922 मध्येच गेल्या होत्या.

रमाबाईंचं भांडण आज का आठवायचं? कारण ‘देवाच्या अभिषिक्ताला (म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाला) हात लावू नका’ हे वाक्य अजूनही प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरतात. हिशेब विचारला की अभिषिक्त. तरुण मुलीशी पाळक नीट वागला नाही म्हटलं की अभिषिक्त. दावीद राजाही अभिषिक्तच होता, आणि त्याने पाप केल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याच्याकडे जाऊन त्याला सांगितलं, तो अपराधी मनुष्य तूच आहेस. बिरुया गावच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात आहे का ते रोज तपासून पाहिलं आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुक आहे.

घरातही हेच. ‘पत्नींनो, पतीच्या अधीन असा’ हे इफिसकरांस पत्रातलं वाक्य तोंडपाठ असणाऱ्या नवऱ्यांना त्याच्या अलीकडचं ‘एकमेकांच्या अधीन असा’ आठवत नाही. पलीकडचं तर नाहीच, ज्यात नवऱ्याने ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करायचं आहे. मार खात राहणं हे आज्ञापालन नव्हे. अशा वेळी बाईने घराबाहेर पडावं, पोलिसांत जावं, आणि मंडळीने तिच्या मागे उभं राहावं. प्रार्थना करत राहा, सगळं ठीक होईल, एवढंच सांगून तिला परत पाठवणाऱ्यांनी आपण कुणाची आज्ञा पाळतोय ते बघावं.

याचा अर्थ कुणाचंच ऐकायचं नाही असा नाही. कॅथलिक परंपरेत सिस्टर्स आणि ब्रदर्स दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. नगर रोडवर पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप या धर्मशिक्षणाच्या संस्थांच्या परिसरात अशी व्रतं घेतलेली किंवा घ्यायच्या तयारीत असलेली शेकडो माणसं राहतात. वरिष्ठांनी उद्या झारखंडला जा म्हटलं की जायचं. प्रॉटेस्टंट मंडळींत असं व्रत नसतं, वचन आणि मंडळीची शिस्त यांवर भर असतो. दोन्हीकडे मर्यादा एकच: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं पेत्र आणि प्रेषितांनी न्यायसभेला सांगितलं ती.

‘म्हणूनच नोकरी गेली’ म्हणणाऱ्या मावशी

आता त्या मावशींकडे. पाळलं तर भरभराट, मोडलं तर आपत्ती, हे बायबलमध्ये कुठेच नाही असं म्हणता येणार नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात इस्राएल राष्ट्राला दिलेले आशीर्वाद आणि शाप आहेतच. पण एका माणसाच्या दुखण्यावर ते चिकटवायला गेलं की आपले, दोष नसताना संकटात पडलेल्या ईयोबाचे मित्र होतात. त्या मित्रांनी ईयोबाला पानंच्या पानं हेच ऐकवलं, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाने वागलेल्या माणसांची यादी देतो. त्यात काहींनी राज्यं जिंकली, काही सिंहांच्या तोंडातून वाचले, आणि काही करवतीने चिरले गेले. विश्वास सगळ्यांचा खराच होता. आणि ज्याच्याइतकं देवाचं कुणी ऐकलं नाही, तो गेथशेमाने बागेत ‘माझी नको, तुझी इच्छा होवो’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर होता. नोकरी कंपनीने माणसं कमी केली म्हणून जाते. मावशींनी चहा करून त्याच्यापाशी बसावं, जमल्यास कुणाकडे त्याच्यासाठी शब्द टाकावा.

पडल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. पेत्राने तीनदा येशूला नाकारलं, आणि पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी मासे-भाकरीची न्याहारी झाल्यावर येशूने त्याला तीनदा एकच विचारलं: माझ्यावर प्रेम करतोस का? पुन्हा असं करणार नाहीस ना, असं नाही विचारलं. उत्तर ऐकून त्याच्या हाती कामही दिलं, माझी मेंढरं राख.

शेवटी तरुण संघात नेहमी येणारा प्रश्न. बंगळुरूची नोकरी आलीय, देवाची इच्छा काय आहे ते कसं ओळखायचं? काही जण यासाठी बायबल डोळे मिटून उघडतात आणि बोट ठेवतात. तसं करू नका, बोट वंशावळीवरही पडू शकतं. देवाची बरीचशी इच्छा आधीच लिहिलेली आहे: खोटं बोलू नको, आईबापाचा मान राख, मजुरी वेळेवर दे, वैऱ्यावर प्रीती कर. ज्या कामात यातलं काही मोडावं लागणार असेल, उदाहरणार्थ ग्राहकाला फसवूनच टार्गेट पुरं होत असेल, तिथे वेगळी खूण शोधायची गरज नाही. दोन्ही नोकऱ्या सरळ असतील तर प्रार्थना करा, घरच्यांशी आणि तुम्हाला नाही म्हणायची हिंमत असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याशी बोला, पगार आणि घरभाडं मांडून बघा, आईवडिलांची तब्येत बघा आणि ठरवा. पौलालाही आशिया प्रांतात जायचं होतं, मग बिथुनियात, दोन्हीकडे वाट बंद झाली आणि तो फिलिप्पैला पोहोचला. चुकीच्या दिशेने निघालात तर वळवता येईल, घरी बसून राहिलात तर कठीण. आणि गेलात तर पहिल्याच महिन्यात तिथली मंडळी शोधा, सामान लावून झाल्यावर बघू म्हणत वर्ष जातं.